राणी पाकोळी आणि आपली मोसंबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. हळदीकुंकवात सतरंज्या घालणे, वाण वाटणे ही माझी नेहमीची कामे. पण यंदा अध्यक्षीणबाईंनी सांगितले की, प्रत्येकीने आपल्याला माहीत असलेल्या एका गोष्टीवर चार शब्द बोलावे. कोणी लोणच्यावर बोलल्या, कोणी बचतीवर बोलल्या. मी फुलपाखरावर बोलणार म्हटल्यावर दोघीतिघी हसल्या. हसू द्या. त्यात मोसंबीचीही गोष्ट आहे, आणि मोसंबी म्हटली की आपल्या जालना जिल्ह्यात कोणी हसत नाही.

माझी धाकटी बहीण सावंतवाडीला असते. तिचे यजमान तिकडे नोकरीस आहेत. दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिचे बाळंतपण होते म्हणून मी महिनाभर तिकडे राहिले. आपल्या अंकुशनगरात चोहीकडे ऊस, वर मोकळे आभाळ आणि पाऊस आला तर आला. तिथे पाऊस थांबेल तेव्हा नवल. परसात उभे राहिले तरी झाडांतून आभाळ दिसत नव्हते.

एके दिवशी सकाळी जरा उघाडी पडली होती. मी परसात बाळाची लंगोटी वाळत घालीत होते. इतक्यात डोक्यावरून काहीतरी काळे, मोठे, फडफडत गेले. मला वाटले वटवाघूळच. मी चिरकले. बहिणीच्या सासूबाई ओटीवर तांदूळ निवडीत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अगो, ती राणी पाकोळी." मग ते पाखरू जास्वंदीच्या फुलावर आले आणि मी ते नीट पाहिले.

भगिनींनो, चहाच्या बशीएवढे फुलपाखरू तुम्ही पाहिले आहे काय? पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा ते पंधरा सेंटिमीटर भरते. पुढचे पंख काळ्या मखमलीचे आणि त्यावर निळसर पट्टे. मागचे पंख अर्धे काळे आणि अर्धे आकाशी निळे, आणि त्या निळ्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी, जणू काठाला टिकल्या लावल्या आहेत. पंख मिटले की खालच्या बाजूने अगदी मुळाशी तांबडे ठिपके दिसतात, कुंकवाची बोटे उमटावीत तसे. त्याच्या जातभाईंपैकी काहींना मागच्या पंखांना शेपटी असते, याला ती नसते. मादीचा निळा रंग नरापेक्षा थोडा फिका. आपल्याकडे मोराचा थाट असतो आणि लांडोर साधी असते, तसेच म्हणा.

हेच आपल्या महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, आंबा हा राज्यवृक्ष आणि ताम्हण हे राज्यपुष्प, हे आपण मुलांच्या पुस्तकात वाचतो. २०१५ सालच्या जून महिन्यात राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत या पाखराला तो मान मिळाला. फुलपाखराला असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. पुढे कर्नाटकाने आणि केरळानेही आपापली फुलपाखरे ठरवली. इंग्रजीत याला ब्लू मॉर्मन म्हणतात. मराठीत राणी पाकोळी म्हणतात, नीलवंत असेही म्हणतात. याचे शास्त्रीय नाव क्रॅमर नावाच्या एका डच गृहस्थाने १७७५ साली ठेवले, आणि ते ग्रीक कथेतल्या एका राजाचे नाव आहे. परक्याने राजाचे नाव दिले आणि आपल्या माणसांनी राणीचे दिले!

सासूबाईंच्या परसात पपनसाचे झाड होते. ती राणी जास्वंद सोडून त्या झाडाकडे गेली. पानावर क्षणभर टेकली, पोट वाकवले आणि उडाली. मी जवळ जाऊन पाहते तो पानावर मोहरीसारखे एक गोल अंडे. शेजारच्या फांदीवर पाहिले आणि मी दचकलेच. पानावर चिमणीची शीट पडावी तशी एक मळकट, पांढऱ्या पट्ट्याची अळी बसली होती. मी सवयीने ती काडीने काढायला गेले. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "रवांदे गो." म्हणजे राहू दे. "तिचा बाळ तो."

मी हात मागे घेतला. पण माझे मन थाऱ्यावर राहिले नाही. कारण तसल्या अळ्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या काय, माझ्या हाताने मारल्या होत्या.

ते कसे, ते सांगते. आमची विहिरीवरची दोन एकर मोसंबीची बाग होती. माझ्या लग्नानंतर सासऱ्यांनी लावलेली. २०१२-१३ चा दुष्काळ तुम्हाला आठवतच असेल. आपल्या जिल्ह्यात बागाच्या बागा उभ्या वाळल्या. आम्ही टँकरचे पाणी विकत घेऊन झाडांच्या बुडाशी घातले. पैसे संपले, पाणी संपले आणि झाडेही गेली. ज्या झाडांची फळे विकून थोरलीचे बारसे केले, त्यांचीच लाकडे दोन वर्षे आमच्या चुलीत जळली. सासरे त्या वेळी बागेकडे फिरकलेच नाहीत.

पुढे पाऊसपाणी बरे झाल्यावर आम्ही कर्ज काढून पुन्हा कलमे लावली. नवी पालवी फुटली आणि त्यावर या अळ्या आल्या. एकेक अळी दोन दिवसांत एक शेंडा साफ करते. मोठ्या झाडाला त्याचे फारसे वाटत नाही, पण गुडघ्याएवढ्या कलमाचे शेंडेच गेले तर ते वाढायचे कसे? तेव्हा मी रोज सकाळी डब्यात पाणी आणि त्यात थोडे रॉकेल घेऊन जात असे, आणि अळ्या वेचून त्यात टाकीत असे. अळीला बोट लागले की ती डोक्यामागून तांबूस शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मला त्याची किळस येई. ते तिचे शत्रूला भिववण्याचे हत्यार आहे, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. लेकराने मूठ उगारावी तसेच ते.

सावंतवाडीहून परतल्यावर मी माझ्या धाकट्या मुलीला हे सारे सांगितले. ती आठवीत आहे. ती म्हणाली, "आई, म्हणजे आपल्या बागेत राणी पाकोळी आहे?" आम्ही दोघींनी पुस्तके पाहिली, गावातल्या कृषी सहायकांना विचारले. उत्तर आले, नाही. आपल्या मोसंबीवरची अळी बहुधा लिंबाच्या फुलपाखराची असते. ते काळे आणि फिकट पिवळ्या ठिपक्यांचे, मागच्या पंखावर एक तांबडा ठिपका असलेले फुलपाखरू असते. आपण ते रोज पाहतो. राणी पाकोळी आणि ते एकाच कुळातले. लहानपणी दोघांच्याही अळ्या शिटेसारख्या दिसतात, म्हणजे पक्षी त्यांना खात नाहीत. मोठ्या झाल्या की हिरव्या होऊन पानात मिसळून जातात.

मग मुलीने विचारले, "अळी तीच पाने खाते, तर राणी आपल्याकडे का राहत नाही?" हा प्रश्न मला फार आवडला. त्याचे उत्तर मला जसे समजले तसे सांगते.

फुलपाखरू कुठे राहणार हे फुलापेक्षा पान अधिक ठरवते. मध कोणत्याही फुलाचा चालतो, पण अळीला पान ठरलेलेच लागते. आपल्या स्वयंपाकघरातलेच पाहा. लिंबू, मोसंबी, पपनस, कढीपत्ता, बेल आणि कवठ ही सारी एकाच घराण्याची मंडळी. यांचे पान उजेडाकडे धरले तर त्यात बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या असतात, आणि पान चुरगळल्यावर वास येतो तो त्यांचाच. या घराण्यावर पोसणारी फुलपाखरे वासावरून आणि पानावर पाय टेकवून झाड ओळखतात. कोकणातल्या माशांच्या आमटीत तिरफळ घालतात, तेही याच घराण्याचे. केरळाचे राज्य फुलपाखरू त्याच तिरफळाच्या पानांवर वाढते. आपल्या फोडणीचे आणि या पाखरांचे असे नाते आहे.

राणी पाकोळीच्या अळीचे रानातले खाद्य म्हणजे माकडलिंबू आणि तशीच जंगली लिंबाची झाडे. ती सह्याद्रीच्या ओल्या, दाट रानात वाढतात. म्हणून तिचे राज्य श्रीलंकेपासून सुरू होते आणि केरळ, तामिळनाडू, कर्नाटक, गोवा असे घाटाघाटाने महाराष्ट्रात येऊन गुजरातच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचते. पूर्वेकडच्या काही रानांतही ती आहे. जिथे माणसांनी परसात पपनस, लिंबू लावले तिथे ती रान सोडून गावातही येते. मुंबई-पुण्याच्या बागांतूनही ती दिसते. पण तिला सावली लागते, ओल लागते. नर तर ओल्या मातीवर बसून क्षार शोषून घेतात. आपल्या पाणवठ्यावर बायकांची गर्दी असते, त्यांच्या पाणवठ्यावर पुरुषांची!

आपल्याकडे मोसंबीची पाने एकरांनी आहेत, पण सावली नाही. आंबोलीच्या घाटात आपल्या दहापट पाऊस पडतो. बाग म्हणजे रान नव्हे, ही गोष्ट मला तेव्हा नीट कळली. एखादी राणी वाट चुकून इकडे आली तर येईलही, पण तिचे माहेर ते रान आहे. ते तोडले तर आपल्या मोसंबीचा तिला आधार होणार नाही.

याउलट आपले लिंबाचे फुलपाखरू पाहा. ते गरिबाच्या पोरासारखे, मिळेल तिथे नांदणारे. मोसंबी नाही तर बेल, बेल नाही तर बांधावरची बावचीसुद्धा त्याच्या अळीला चालते. अरबस्तानापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ते पसरले आहे. २००४ साली तर ते अमेरिकेजवळच्या डॉमिनिकन रिपब्लिक या बेटावरच्या देशात सापडले आणि तिकडच्या लिंबूवाल्यांना चिंता पडली. राणी आपल्या महालात राहिली आणि हे पोटापाण्यासाठी सात समुद्रांपार गेले.

आता मुख्य गोष्ट. हे सारे कळल्यावर माझा रॉकेलचा डबा जड झाला. मी घरी म्हटले, "अळ्या मारायच्या नाहीत." आमचे हे म्हणाले, "मग कर्जाचा हप्ता फुलपाखरे भरणार आहेत काय?" त्यांचे काही चूक नव्हते. २०१२-१३ चे ज्यांनी भोगले त्यांना शेंड्याची किंमत कळते. मी गप्प बसले. पण मुलीने चार अळ्या घरी आणल्या आणि काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला पातळ फडके बांधले. रोज ताजी पाने घालायची, खालची घाण काढायची. चारही जणी मोठ्या झाल्या, आणि एके दिवशी त्यांनी खाणे सोडले. काडीला टेकून कमरेभोवती रेशमाचा एक धागा गुंडाळला, विजेच्या खांबावर चढलेला माणूस कमरेला दोर बांधतो तसा, आणि त्यांचे कोष झाले.

सासरे आता थकले आहेत, त्यांचे दिवस ओसरीवरच जातात. बरणी त्यांच्याजवळच ठेवली होती. नवव्या दिवशी पहाटे त्यांनीच हाक मारली. कोष उलला होता आणि एक ओले, चुरगळलेले पाखरू काडीला लटकले होते. त्याचे पंख हळूहळू पसरत गेले, धुतलेले लुगडे वाऱ्यावर सुकावे तसे. तासाभरात ते उडाले. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाग गेली तेव्हा मला वाटले, आता त्या झाडांवर काही येणार नाही." एवढेच. पण दुष्काळानंतर बागेविषयी त्यांनी काढलेला तो पहिला शब्द होता.

दुसरे पाखरू दुसऱ्या दिवशी उडाले. तिसरा कोष वाळून गेला. चौथ्यातून मात्र पाखरू आलेच नाही, बारीक बारीक काळ्या माश्या आल्या. मुलगी रडू लागली. कृषी सहायक म्हणाले, "रडू नकोस. ही गांधीलमाशीच्या जातीची बारीक माशी आहे. ती कोषात अंडी घालते आणि तिची पिल्ले आतला जीव खातात. काही जाती तर फुलपाखराच्या अंड्यातच अंडी घालतात. शेतकऱ्याचे काम ती फुकट करते. सारखी औषधे मारली की आधी ही मरते."

हे मात्र आमच्या ह्यांनी लक्ष देऊन ऐकले. एकदा तोंडाला फडके न बांधता फवारणी केल्यामुळे त्यांना चक्कर येऊन दवाखान्यात रात्र काढावी लागली होती. फवारणीचे पाणी आपण बायकाच वाहतो, त्यामुळे तो वास आपल्याही अंगावर असतो. बोलाबोली होऊन शेवटी आमच्यात असा तह झाला. दोन वर्षांच्या आतली कलमे मी रोज सकाळी पाहायची आणि अळ्या हाताने वेचायच्या. वेचलेल्या अळ्या रॉकेलात न टाकता बांधावरच्या बेलावर आणि घरामागच्या जुन्या लिंबावर सोडायच्या. मोठ्या झाडांवरच्या तशाच राहू द्यायच्या. फारच झाल्या तर निंबोळीचा अर्क मारायचा. कडक औषध अगदी शेवटी, आणि तेही त्यांना विचारून नव्हे, दोघांनी ठरवून.

यात नुकसान झाले नाही असे मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी आठदहा कलमांचे शेंडे गेले आणि मला टोमणेही ऐकावे लागले. बेल तर बिचारा अर्धा उघडा पडला, पण पुढच्या पावसात पुन्हा भरला. औषधाच्या दोन फवारण्या मात्र वाचल्या. यंदा बागेने पहिला बहार धरला आहे. फळे थोडी आहेत, पण आहेत.

भगिनींनो, फुलपाखरू सर्वांना आवडते. आपण ते रांगोळीत काढतो, पोरीच्या फ्रॉकवर भरतो. पण त्याचे बाळपण आपल्याला घाण वाटते. सुनेचे कौतुक करायचे आणि तिच्या माहेरच्यांना उंबऱ्यात येऊ द्यायचे नाही, त्यातलाच हा प्रकार. मला एवढेच सांगायचे आहे की, झटकण्यापूर्वी एकदा पाहा. ज्याला मारणे भाग आहे त्याला ओळखून मारा, आणि ज्याला जगू देणे परवडते त्याला जगू द्या.

आपल्या मंडळाने तीन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या दारी जागा आहे त्यांनी एक लिंबू आणि एक कढीपत्ता लावावा. फोडणीला पाने मिळतील आणि दोनचार पाखरांची सोय होईल. देवळाच्या आवारात मंडळातर्फे बेल लावावा. महादेवाला पाने पुरून उरतील. आणि पुढच्या वर्षी मंडळाची सहल निघेल ती पावसाळा संपताच सह्याद्रीकडे न्यावी. राणी आपल्याकडे येत नसेल तर आपण तिच्या दारी जावे. त्यात कमीपणा नाही.

माझ्या बोलण्यात चुकले असेल तर सांभाळून घ्या.